मुलाची जीभ बघा, घासू नका

संपादक महोदय,

जिभेच्या रंगावरून आजार ओळखण्याचे तक्ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरत असतात. पांढरी म्हणजे पोट बिघडले, पिवळी म्हणजे पित्त, लाल म्हणजे उष्णता. प्रत्येक रंगाला एका ओळीत निदान आणि लगेच उपाय. हा उपाय बहुधा जीभ घासण्याचा, चोळण्याचा किंवा काहीतरी चाटवण्याचा असतो. नाशिकमध्ये लहान मुलांवर उपचार करणारे डॉक्टर म्हणून आमचे सांगणे एवढेच, की मुलाची जीभ पालकांनी जरूर बघावी, मात्र तिला काही लावण्याआधी थांबावे.

आधी बघायचे कसे ते. सकाळी उठल्या उठल्या बघू नये. रात्रभर तोंड कोरडे राहिल्याने तेव्हा कोणाच्याही जिभेवर पातळ पांढुरका थर असतो आणि दूध-पोळी खाल्ली की तो निघून जातो. दुपारी खिडकीपाशी न्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली फिकट जीभही गुलाबी भासते, तर मोबाइलचा फ्लॅश मारला की चांगली गुलाबी जीभ पांढरी येते. डॉक्टरांना पाठवायच्या फोटोतही नेमका हाच घोटाळा होतो. मुलाने आधी काय खाल्ले तेही विचारा. मे-जूनमध्ये त्र्यंबक-इगतपुरीकडची करवंदे आणि जांभळे बाजारात आली, किंवा गोदाघाटावर काळा खट्टा गोळा झाला, की निळ्या-जांभळ्या जिभा घरोघरी दिसतात. त्या चूळ भरल्यावर उतरतात. जिभेचा वरचा भाग बघून झाला की दोन्ही कडा बघा, मग टोक टाळूला लावायला सांगून खालची बाजू बघा. टोकापाशी थोडे लाल ठिपके आणि अगदी मागे उलट्या व्हीच्या आकारात मांडलेले मोठे गोल दाणे दिसले तर घाबरू नये. ती चवीची जागा आहे, जन्मापासून तिथेच असते.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. मुलाला जोराचा ताप आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही आणि श्वास घेताना आवाज येतो आहे, अशा वेळी चमच्याने जीभ दाबून आत डोकावू नका. घशाच्या तोंडाशी सूज असेल तर त्या धक्क्याने श्वासमार्ग पूर्ण बंद होऊ शकतो. मूल ज्या स्थितीत बसले आहे तसेच बसवून थेट रुग्णालयात न्यावे.

आता तान्ह्या बाळाची पांढरी जीभ. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. पांढरे डाग दोन प्रकारचे असतात. दुधाचा थर बहुधा फक्त जिभेच्या मधोमध असतो आणि उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने टिपला की निघतो. बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा दिसतो. तो गालांच्या आतून, ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवरही असतो, टिपून निघत नाही आणि जोर लावला तर खाली लाल होऊन रक्ताचे बारीक ठिपके येतात. हे टिपून बघायचे ते एकदाच. रोज रोज घासून ‘साफ’ करत राहिले की बुरशी तशीच राहते, वरून जखमा होतात आणि बाळ दुखते म्हणून दूध ओढत नाही.

या बुरशीचे नाव कॅन्डिडा. ती थोड्या प्रमाणात आपल्या सगळ्यांच्याच तोंडात असते. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर तिला मोकळे रान मिळते. हिवाळ्यात नाशिकच्या थंडीत दम्याच्या मुलांचे स्टेरॉइडचे पंप सुरू होतात, तेव्हाही हे डाग दिसू लागतात, कारण पंप घेतल्यावर चूळ भरायची राहून जाते. स्पेसर-मास्क (पंपाला जोडायचे नळकांडे आणि मुखवटा) वापरणाऱ्या लहानग्यांचे तोंड आतून ओल्या कापडाने पुसावे, चेहराही धुवावा.

उपाय साधा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे औषध किंवा निस्टॅटिनचे थेंब, दूध पाजून झाल्यावर, स्वच्छ धुतलेल्या बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने, दोन्ही गालांच्या आत आणि जिभेवर पातळसे. दिवसातून तीन-चार वेळा. पाजायच्या आधी लावले तर सगळे दुधाबरोबर पोटात जाते आणि तोंडात काहीच उरत नाही. डाग गेल्यावरही निदान दोन दिवस औषध चालू ठेवावे. घट्ट जेल असेल तर अगदी तान्ह्या बाळाच्या घशात त्याचा गोळा अडकू शकतो, म्हणून चमच्याने भरवू नये. तरीही आठ दिवसांत पुन्हा डाग आले तर कारण सहसा बाळाच्या तोंडाबाहेर असते. आईच्या स्तनाग्रांना तीच बुरशी झालेली असते, तिथे खाज येते, पाजताना टोचल्यासारखे दुखते. आई आणि बाळ दोघांचे औषध एकाच वेळी हवे. बाटली, तिचे बूच, चोखणी, दात येताना चावायची खेळणी रोज उकळावीत. एक वर्षावरच्या मुलाला अँटिबायोटिक किंवा पंप काहीही चालू नसताना असे डाग वारंवार येत असतील, तर प्रतिकारशक्ती आणि रक्तातली साखर तपासायला हवी.

घरगुती उपायांपैकी एकावर स्पष्टच लिहायला हवे, कारण तो आपल्याकडे घराघरात आहे. तोंड आले की टाकणखाराची लाही मधात कालवून लावायची. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. बाळ ते गिळते, त्यातले बोरॉन अंगात साठत जाते आणि उलट्या, जुलाब, अंगावर लाल पुरळ आणि शेवटी झटके येऊ शकतात. मध लावलेल्या चोखण्यांवर बोरॅक्स लावल्याने तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. ‘शुद्ध करून घेतलाय’ या बोलण्याला अर्थ नाही. लाही केली तरी फक्त पाणी उडते, बोरॉन तसेच राहते. आणि मध? एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठता, मग रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढण्याची ताकद जाते, मान आणि हातपाय ढिले पडतात. घरात नेहमी होते तेवढे गरम करून हे बीजाणू मरत नाहीत. जिल्ह्यातल्या औषधविक्रेत्यांना आमची विनंती आहे, की तान्ह्या बाळाच्या तोंडासाठी म्हणून कोणी टाकणखार मागितला तर तो देऊ नये. तोंड आले की लावतात ते जांभळे औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, तेही पुन्हा पुन्हा लावू नये, त्याने आतली नाजूक त्वचा सोलवटते. दात येताना लावायच्या बधिर करणाऱ्या जेलांचेही तसेच. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता बिघडू शकते, म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाला ती अजिबात नको.

फिकट जीभ बुरशीइतकी डोळ्यांत भरत नाही, म्हणून मागे राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७.१ टक्के मुलांत रक्ताक्षय आढळला होता. म्हणजे तीनपैकी दोन मुले. जिभेबरोबर खालच्या पापणीच्या आतली बाजू, तळहात आणि नखे बघावीत. मुलाचा तळहात आईच्या तळहाताशेजारी ठेवून रंग ताडून बघायची पद्धत चांगली आहे, पण आईचेच हिमोग्लोबिन कमी असले तर दोन्ही हात सारखेच फिकट दिसतात आणि ‘आमच्या घरात रंगच असा’ म्हणून विषय संपतो. शिवाय जीभ नजरेला पांढुरकी वाटेपर्यंत हिमोग्लोबिन बरेच खाली गेलेले असते. जीभ गुलाबी आहे म्हणून मूल ठीक, असा उलटा निष्कर्ष काढू नये. शंका आली तर रक्त तपासावे.

सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली मिळते, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. पाच ते नऊ वर्षांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांना निळी. हा झाला बचावाचा डोस. रक्ताक्षय झालेल्या मुलाला सहसा दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम लोह लागते, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ३०. इथे एक चूक नेहमी होते. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत लोहाचे प्रमाण वेगळे असते, एका बाटलीचा ‘पाच मिली’ दुसऱ्या बाटलीला लावला तर डोस कित्येक पट होतो. बाटलीवर ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणजे प्रत्यक्ष लोह किती लिहिले आहे ते वाचावे आणि बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. लोहाचा जास्त डोस विषारी आहे. औषध दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नये, शोषण कमी होते. लिंबूपाणी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर दिलेले चांगले. ड्रॉपरने जिभेच्या मागच्या भागावर सोडावे आणि वर पाणी पाजावे, नाही तर दात काळे पडतात. शी काळी होते, ती होणारच. हिमोग्लोबिन वाढल्यावर बाटली थांबवण्याची घाई करू नये, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. एक वर्षावरच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध पाजत असाल तर तेही कमी करा. पोट दुधाने भरते आणि लोह असलेले जेवण बाजूला पडते.

सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यात फिकट जिभेचा आणखी एक अर्थ असू शकतो. जिभेबरोबर डोळे पिवळे, हाडे-सांधे दुखणे, लहानपणी हातापायांच्या पंजांना सूज, असे असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी आधी करावी, लोह नंतर. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ पासून सुरू आहे आणि त्यात ही तपासणी मोफत होते.

लोहाइतकाच बी-१२चा प्रश्न आहे. जिभेवरचे बारीक दाणे जाऊन ती गुळगुळीत, तांबडी, चकचकीत दिसू लागते, तिखट सोडाच, वरणही झोंबते. सोबत बोटांच्या पेरांवर काळसर डाग दिसतात, ते आईला घासून जात नाहीत म्हणून मुलाला ओरडा बसतो. बी-१२ भाजीपाल्यात नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत आहे. पूर्ण शाकाहारी आणि दूधही फारसे न पिणाऱ्या आईच्या अंगावर पिणारे बाळ, ज्याला सहा महिन्यांनंतरही वरचे अन्न नीट सुरू झालेले नाही, त्याच्यावर आमचे विशेष लक्ष असते. असे बाळ सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हसणे, बसणे विसरू लागते, केस विरळ तपकिरी होतात, कातडी काळवंडते आणि हात, मान, कधी जीभसुद्धा थरथरू लागते. इंजेक्शने सुरू केल्यावर थरथर काही दिवस वाढूही शकते, तेव्हा घाबरून उपचार सोडू नयेत. आणि फक्त फॉलिक ॲसिडची गोळी देऊन रक्ताचा रिपोर्ट सुधारला तरी मज्जातंतूंचे नुकसान चालूच राहते, हे ध्यानात ठेवावे. तोंडाचे कोपरे फुटणे आणि जीभ किरमिजी होणे हे ब गटातल्या रायबोफ्लेविनच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. त्यावर दूध, अंडी, डाळी हाच उपाय.

सुरगाणा-कळवणची स्ट्रॉबेरी आपल्या ओळखीची आहे. तिच्या बियांसारखे दाणे लाल जिभेवर उठून दिसले तर त्या जिभेकडे तातडीने बघावे. दोन आजार मुख्य. स्ट्रेप्टोकोकस जंतूचा स्कार्लेट ज्वर: पहिले एक-दोन दिवस पांढऱ्या थरातून लाल दाणे वर आलेले, चौथ्या-पाचव्या दिवशी थर जाऊन पूर्ण लाल जीभ, घसा दुखतो आणि अंगावर पॉलिश पेपरसारखे खरखरीत पुरळ. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून थांबवले तर पुढे संधिवातज्वर होऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका राहतो. दुसरा कावासाकी आजार. जपानचे डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये तो प्रथम मांडला. पाच दिवस किंवा जास्त न उतरणारा ताप, चिपडे नसलेले लाल डोळे, फाटलेले लाल ओठ, हातापायांना सूज, मानेत गाठ, अंगावर पुरळ. लहान बाळांत बीसीजीच्या जुन्या खुणेभोवती लाली येते, हे चिन्ह आई-आजीच आधी बघते. एक वर्षाखालच्या बाळात सगळी लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. उपचार न मिळालेल्या सुमारे चारपैकी एका मुलात हृदयाच्या धमन्यांना फुगे येतात. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे सलाइन, किलोमागे २ ग्रॅम, दिले तर हा धोका खूपच खाली येतो. म्हणून पाचव्या दिवशीही ताप असेल आणि जीभ अशी असेल तर ‘अजून एक अँटिबायोटिक बदलून बघू’ यात आठवडा घालवू नका. ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका.

निळी जीभ. चूळ भरूनही निळी असेल तर १०८. फक्त हात, पाय किंवा ओठांची कड थंडीने निळी पडली तर ती गरम केल्यावर सुधारते. जीभ आतून गरमच असते, ती निळी पडते ती रक्तात प्राणवायू कमी असल्यानेच. सावळ्या मुलात हे बघायची सगळ्यात विश्वासाची जागा जीभ आहे. जन्मजात हृदयदोष असलेले बाळ रडता रडता अचानक निळे पडून जोरजोरात श्वास घेऊ लागले, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावे आणि तसेच रुग्णालयात न्यावे. मात्र ज्या मुलाचे रक्तच फार कमी आहे, त्याची जीभ प्राणवायू कमी असूनही निळी दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. तेव्हा मुलांना बाहेर ओसरीवर आणून जीभ बघावी, आतल्या अंधाऱ्या खोलीत नको, एवढी आमची त्या पथकांना विनंती.

उलट्या-जुलाबात जीभ कोरडी पडते, पण एकट्या जिभेवर भिस्त ठेवू नये. टॉन्सिल-ॲडिनॉइड वाढलेले मूल तोंडाने श्वास घेते, त्याची जीभ नेहमीच कोरडी. खोल गेलेले डोळे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसणे, आधाशासारखे पाणी पिणे, सुस्ती, सहा-आठ तास लघवी नाही, हे सोबत बघावे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटे २०० मिलीत. मोठे पाकीट एका ग्लासात कालवले की मिठाचे प्रमाण पाचपट होते आणि रक्तातले सोडियम वाढून झटके येऊ शकतात. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक. खोक्यातली गोड पेये ओआरएस नव्हेत.

नकाशासारखी जीभ, म्हणजे पांढऱ्या काठाचे लाल पट्टे, आज इथे तर आठवड्याने तिथे, निरुपद्रवी असते. मिसळ झोंबली तर काही दिवस रस्सा कमी, एवढेच औषध. भेगाळलेल्या जिभेत अन्न अडकते, मऊ ब्रश हलकासा फिरवावा.

जिभेचा आकारही बोलतो. नवजात बाळाची जीभ जाड, बाहेर डोकावणारी, सोबत बद्धकोष्ठता, लांबलेली कावीळ, फुगलेली बेंबी, घोगरे रडणे असेल तर थायरॉइड तपासा. खरे तर ही चिन्हे दिसायची वाटच बघू नये. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडचे काम दाखवणारे संप्रेरक, कळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ वाचते. प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी ही तपासणी झाली का, ते विचारून घ्यावे.

जिभेखालचा पडदा आखूड असेल तर टोक पत्त्यातल्या बदामासारखे खाचते. बाळाला दूध ओढता येत नसेल, आईला पाजताना दुखत असेल आणि बाळाचे वजन वाढत नसेल, तरच तो कापण्याचा विचार करतात. बाळ नीट पीत असेल तर हात लावायची गरज नाही. दीड-दोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून मात्र ‘जीभ जड आहे’ असे ठरवून वेखंड उगाळून चोळत बसतात. वेखंडाने उलट्या होतात, बोलण्याला त्याचा उपयोग नाही. पडदा आखूड असला तरी शब्द अस्पष्ट येतील, पण येतील. शब्दच येत नसतील तर आधी ऐकू येते का ते बघा. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्र किंवा पुढचे उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, असे वेळापत्रक जगभर पाळतात. दोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, तर याच आठवड्यात चाचणीची वेळ घ्या.

आपले,
लहान मुलांवर उपचार करणारे काही डॉक्टर, नाशिक